वजन आणि वेग : रासायनिक अभिक्रियेच्या मापनातील परस्परसंबंध
(उसाच्या साखरेच्या व्युत्क्रमणाच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

रसायनशास्त्रात 'किती' या प्रश्नाचे उत्तर तराजू देतो आणि 'किती वेगाने' या प्रश्नाचे उत्तर घड्याळ देते. या दोन उत्तरांचा संबंध मात्र सरळ नाही. ग्रॅममधील वजनापासून अभिक्रियेच्या दरापर्यंत पोहोचण्यासाठी मोल आणि संहती या दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. प्रस्तुत लेखात उसाच्या साखरेच्या व्युत्क्रमणाचे उदाहरण घेऊन या दोन्ही पायऱ्यांची आवश्यकता स्पष्ट केली आहे. १८५० मध्ये दराचे पहिले गणिती मापन याच अभिक्रियेवर झाले आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना ती आजही दररोज भेडसावते.

सूचक शब्द : वस्तुमान, वजन, मोल, संहती, अभिक्रियेचा दर, अभिक्रियेची कोटी, व्युत्क्रमण.

१. प्रस्तावना

आधुनिक रसायनशास्त्राचा पाया तराजूने घातला, असे म्हणण्याची प्रथा आहे व ती योग्यही आहे. आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अभिक्रियेपूर्वीचे व अभिक्रियेनंतरचे एकूण वस्तुमान समान राहते हे तत्त्व मांडले आणि रसायनशास्त्राला हिशेबाची शिस्त लागली. तथापि याच तत्त्वातून एक अडचणही उद्भवते. बंद पात्रात चाललेल्या अभिक्रियेत एकूण वजन बदलतच नसेल, तर ती सुरू आहे, थांबली आहे की पूर्ण झाली आहे, हे तराजू कसे सांगणार?

साखरेच्या पाकात थोडे आम्ल मिसळून ते पात्र तराजूवर ठेवल्यास काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. आत मात्र साखरेचे रेणू सतत फुटत असतात. म्हणजेच वजन स्थिर असूनही बदल चालू असतो. या बदलाचे मोजमाप कसे करावे आणि ते मोजमाप पुन्हा वजनाच्या भाषेत कसे आणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पदवी स्तरावरील भौतिक रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत साखरेचे व्युत्क्रमण हा परिचित प्रयोग आहे. त्यातील आकडेमोड विद्यार्थी बिनचूक करतात. परंतु 'ग्रॅममध्ये तोललेल्या पदार्थाचा दर मोलमध्ये का लिहिला?' या प्रश्नाला समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

२. वजन, वस्तुमान आणि तराजू

दैनंदिन व्यवहारात वजन व वस्तुमान हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रीय परिभाषेत वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय व वजन म्हणजे त्यावर कार्य करणारे गुरुत्वीय बल. गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. त्यामुळे एकाच वस्तूचे वजन स्थानानुसार सुमारे अर्ध्या टक्क्याने बदलते. वस्तुमान बदलत नाही.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत ज्ञात वजनांशी तुलना होत असल्याने हा फरक आपोआप नाहीसा होतो. आजचा इलेक्ट्रॉनिक तराजू मात्र बल मोजतो. म्हणून तो ज्या ठिकाणी वापरायचा तेथेच प्रमाणित वजनाने जुळवून घ्यावा लागतो. रसायनशास्त्रज्ञ 'वजन केले' असे म्हणतो तेव्हा त्याला वस्तुमान अभिप्रेत असते. या लेखातही प्रचलित वापरास अनुसरून 'वजन' हा शब्द याच अर्थाने घेतला आहे.

३. पहिली पायरी : ग्रॅमकडून मोलकडे

रेणू परस्परांशी अभिक्रिया करतात ते वजनाच्या हिशेबाने नव्हे, तर संख्येच्या हिशेबाने. साखरेच्या म्हणजे सुक्रोजच्या एका रेणूशी पाण्याचा एक रेणू संयोग पावतो व ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा प्रत्येकी एक रेणू तयार होतो. संख्येच्या भाषेत हा व्यवहार 'एकास एक' असा आहे. वजनाच्या भाषेत तोच व्यवहार ३४२ ग्रॅम सुक्रोज व १८ ग्रॅम पाणी मिळून १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज असा दिसतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३६० ग्रॅम येते. परंतु घटकांच्या वजनांत कोणतेही सरळ साम्य दिसत नाही.

वजन व संख्या यांना जोडणारे एकक म्हणजे मोल. १९७१ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने मोलची व्याख्या कार्बन-१२ च्या ०.०१२ किलोग्रॅममधील अणूंच्या संख्येवर आधारली. त्या व्याख्येत मोल वजनावर अवलंबून होता. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण. याच दिवशी किलोग्रॅमची व्याख्याही धातूच्या नमुन्याऐवजी प्लँकच्या स्थिरांकावर बसविण्यात आली. अशा रीतीने मोल हे आता स्वतंत्रपणे संख्येचे माप झाले आहे. ग्रॅमला मोलर वस्तुमानाने भागणे या साध्या कृतीत 'तोलण्याकडून मोजण्याकडे' जाण्याचा हा अर्थ दडलेला आहे.

४. न तोलता मापन : विल्हेल्मी यांचा प्रयोग

द्रावणात चाललेल्या अभिक्रियेतील साखर मध्येच बाहेर काढून तोलणे शक्य नसते. तशी खटपट करेपर्यंत अभिक्रिया पुढे गेलेली असते. म्हणून दर मोजण्यासाठी अभिक्रियेला धक्का न लावता प्रमाण सांगणारा एखादा गुणधर्म शोधावा लागतो. साखरेच्या बाबतीत असा गुणधर्म ध्रुवीय प्रकाशाच्या प्रतलास वळविण्याचा आहे.

सुक्रोजचे विशिष्ट वलन उजवीकडे सुमारे ६६.५ अंश असते. ग्लुकोज प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवितो. परंतु फ्रुक्टोज त्याहून अधिक प्रमाणात डावीकडे वळवितो. त्यामुळे दोहोंच्या समभाग मिश्रणाचे वलन डावीकडे सुमारे २० अंश येते. अभिक्रियेच्या ओघात वलनाची दिशा उजवीकडून डावीकडे उलटते, म्हणूनच तिला व्युत्क्रमण हे नाव पडले.

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये पोलॅरिमीटरच्या, म्हणजे ध्रुवणमापीच्या साहाय्याने या अभिक्रियेचा काळानुसार अभ्यास केला. कोणत्याही क्षणी साखर नष्ट होण्याचा दर त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हा निष्कर्ष त्यांनी गणिती समीकरणाच्या रूपात मांडला. रासायनिक अभिक्रियेचा दर गणितात बांधण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न मानला जातो. तो पुढे बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला.

या पद्धतीत वजनाला स्थान नाही असे मात्र नाही. वलनाचा कोन व साखरेचे वजन यांचा संबंध आधी तराजूनेच प्रस्थापित करावा लागतो. साखर उद्योगात वापरल्या जाणाऱ्या शर्करामापीची मोजपट्टी याचे उत्तम उदाहरण आहे. २६ ग्रॅम शुद्ध सुक्रोज १०० मिलिलिटर द्रावणात घेऊन २०० मिलिमीटर लांबीच्या नळीतून मिळणारे वलन म्हणजे त्या पट्टीवरील १०० अंश होत. म्हणजे कोन वाचला तरी वाचकाच्या हाती येते ते वजनच.

५. एक संख्यात्मक उदाहरण

वजन व दर यांचा संबंध आकड्यांवरून अधिक स्पष्ट होईल. समजा, १०० मिलिलिटर आम्लयुक्त द्रावणात २० ग्रॅम साखर आहे व ते २०० मिलिमीटरच्या नळीत पाहिले जात आहे. प्रारंभीचे वलन उजवीकडे सुमारे २६.६ अंश असेल. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर २० ग्रॅम साखरेपासून २१.०५ ग्रॅम ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून होतील आणि वलन डावीकडे सुमारे ८.४ अंश येईल. एकूण बदल ३५ अंशांचा होईल.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक संभवते. वलन शून्यावर आले म्हणजे अर्धी साखर फुटली, असा समज होतो. प्रत्यक्षात अर्धी साखर फुटते तेव्हा वाचन उजवीकडे ९.१ अंश असते. शून्य वाचनाच्या वेळी ३५ पैकी २६.६ अंशांचा बदल झालेला असतो. म्हणजे सुमारे ७६ टक्के साखर संपलेली असते. म्हणूनच सूत्रात प्रत्येक वाचनातून अंतिम वाचन वजा केले जाते.

आता अर्धी साखर फुटण्यास १०० मिनिटे लागली असे मानू. त्यावरून दर स्थिरांक ०.००६९३ प्रति मिनिट येतो. २० ग्रॅम साखर म्हणजे ०.०५८४ मोल व तिची संहती ०.५८४ मोल प्रति लिटर. सबब प्रारंभीचा दर ०.००४०५ मोल प्रति लिटर प्रति मिनिट होईल. हाच दर १०० मिलिलिटर द्रावणासाठी ग्रॅममध्ये लिहिल्यास पुढील आकडे मिळतात :

सुक्रोज नष्ट होण्याचा दर : ०.१३९ ग्रॅम प्रति मिनिट
पाणी खर्च होण्याचा दर : ०.००७ ग्रॅम प्रति मिनिट
ग्लुकोज तयार होण्याचा दर : ०.०७३ ग्रॅम प्रति मिनिट
फ्रुक्टोज तयार होण्याचा दर : ०.०७३ ग्रॅम प्रति मिनिट

अभिक्रिया एक, क्षण एक, पात्र एक. तरीही वजनात लिहिलेले दर तीन निरनिराळे. वजनात दर सांगणाऱ्यास प्रत्येक वेळी 'कोणत्या पदार्थाचा' हे सांगावे लागते. मोलमध्ये लिहिताच चारही दर ०.०००४०५ मोल प्रति मिनिट या एकाच आकड्यावर येतात. दर मोलमध्ये लिहिण्यामागे केवळ संकेत नसून हे कारण आहे. जेथे समीकरणातील गुणांक १ नसतात, तेथे प्रत्येक पदार्थाच्या मोलमधील दरास त्याच्या गुणांकाने भागले म्हणजे पुन्हा एकच दर मिळतो.

याच उदाहरणावरून पाण्याची भूमिकाही कळते. वरील द्रावणात, आम्ल वगळल्यास, सुमारे ८७ ग्रॅम पाणी असते व संपूर्ण अभिक्रियेत त्यापैकी केवळ १.०५ ग्रॅम खर्च होते. पाण्याची संहती जवळजवळ स्थिर राहिल्याने दरावर तिचा बदल जाणवत नाही. दोन पदार्थांची ही अभिक्रिया म्हणून प्रथम कोटीची भासते.

६. दुसरी पायरी : मोलकडून संहतीकडे

पदार्थाचे प्रमाण अभिक्रियेवर परिणाम करते, हे क्लोद बर्तोले यांनी १८०३ च्या ग्रंथात आग्रहाने मांडले होते. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले असता तेथील खाऱ्या सरोवरांच्या काठी त्यांना सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट व कॅल्शियम क्लोराइड यांपासून चुनखडी व मीठ मिळते. येथे मीठ व चुनखडी यांच्या विपुल साठ्यामुळे हीच अभिक्रिया उलट दिशेने घडलेली होती.

नॉर्वेतील काटो गुलबर्ग व पीटर वागे यांनी १८६४ पासून हा विचार नियमात बसविला व 'क्रियाशील वस्तुमान' ही संज्ञा रूढ केली. या संज्ञेतील 'वस्तुमान' हा शब्द आजही गोंधळ निर्माण करतो. त्यांना अभिप्रेत होते ते एकूण वस्तुमान नव्हे, तर एकक आकारमानातील प्रमाण, म्हणजे आजच्या भाषेत संहती. कारण रेणूंची गाठ पडण्याची शक्यता पात्रात एकूण किती रेणू आहेत यावर नव्हे, तर ते किती दाटीने आहेत यावर ठरते.

वरील द्रावण दुप्पट केले, म्हणजे ४० ग्रॅम साखर २०० मिलिलिटरमध्ये घेतली, तर प्रति लिटर दर तोच राहतो. दर मिनिटास फुटणाऱ्या साखरेचे एकूण वजन मात्र दुप्पट होते. उलट २० ग्रॅम साखर २०० मिलिलिटरमध्ये घेऊन आम्लाची संहती तीच ठेवल्यास प्रति लिटर दर निम्मा होतो. परंतु आकारमान दुप्पट असल्याने दर मिनिटास फुटणारे वजन पूर्वीइतकेच राहते. 'दर वाढला' वा 'दर घटला' या विधानाला, तो प्रति लिटर मोजला की संपूर्ण पात्रासाठी, हे सांगितल्याशिवाय अर्थ प्राप्त होत नाही.

पदार्थ घन असल्यास संहतीची जागा पृष्ठफळ घेते. एक सेंटिमीटर बाजूच्या संगमरवरी घनाचे वजन सुमारे २.७ ग्रॅम व पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १,००० तुकडे केल्यास वजन तेवढेच राहते, पृष्ठफळ मात्र ६० चौरस सेंटिमीटर होते व आम्लाशी होणाऱ्या अभिक्रियेचा प्रारंभीचा दर सुमारे दहापट वाढतो. या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड निघून जात असल्याने उघड्या पात्राचे घटणारे वजन घड्याळ लावून थेट नोंदविता येते. अशा प्रसंगी तराजू हेच दराचे साधन होते.

७. वजनाचे समीकरण जे सांगत नाही

संतुलित समीकरण हा वजनाचा जमाखर्च आहे. त्यावरून आरंभ व शेवट कळतो; वाट कळत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाच्या समीकरणात त्याचे २ रेणू लिहिले जातात, तरी दर त्याच्या संहतीच्या पहिल्या घाताच्याच प्रमाणात असतो. अभिक्रियेची कोटी समीकरणातील गुणांकांवरून नव्हे, तर प्रयोगावरून ठरते. याकोबस व्हान्ट हॉफ यांनी १८८४ च्या ग्रंथात दराच्या अभ्यासाला शिस्तबद्ध रूप दिले, त्यानंतर हा भेद स्पष्ट होत गेला.

व्युत्क्रमणाच्या समीकरणात तर आम्लाचा उल्लेखच नसतो, कारण शेवटी ते जेवढ्यास तेवढे उरते. दर मात्र त्याच्यावाचून नगण्य असतो. येथेही वजन फसवे ठरते. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी निरनिराळ्या आम्लांचे बळ तोलण्यासाठी याच अभिक्रियेचा उपयोग केला. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्णपणे आयनीभूत होते. एक मोलर ॲसेटिक आम्लाचे सुमारे ०.४ टक्केच रेणू आयनीभूत होतात. एक मोल ॲसेटिक आम्ल ६० ग्रॅम भरते, एक मोल हायड्रोक्लोरिक आम्ल ३६.५ ग्रॅम. वजनाने भारी असलेले आम्लच येथे अतिशय मंद ठरते.

तापमानाला तर वजनच नाही. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये दर व तापमान यांचा प्रसिद्ध संबंध मांडला, तोही साखरेच्या व्युत्क्रमणाच्या संदर्भात. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा सुमारे १०८ किलोज्यूल प्रति मोल आहे. त्या हिशेबाने तापमान २५ वरून ३५ अंश सेल्सिअसवर गेल्यास दर सुमारे चौपट होतो.

८. वजनकाटा आणि उतारा

आतापर्यंतचे विवेचन प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत ऊस टनावर मोजून घेतला जातो. परंतु कारखान्याचे उत्पन्न उताऱ्यावर, म्हणजे उसाच्या वजनाच्या तुलनेत मिळालेल्या साखरेवर ठरते. २००९-१० च्या हंगामापासून लागू झालेला रास्त व किफायतशीर दरही उताऱ्याशी जोडलेला आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम वजन व वेग या दोहोंवर अवलंबून असते.

तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात पडून राहिला की त्यातील पाणी उडून वजन घटते, हे काट्यावर दिसते. त्याच वेळी उसातील इन्व्हर्टेज हे विकर व सूक्ष्मजीव सुक्रोज फोडत असतात, हे काट्यावर दिसत नाही. सुक्रोज फुटल्याने घन द्रव्याचे वजन तर वाढतेच : १०० ग्रॅम सुक्रोजपासून सुमारे १०५ ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतात. मात्र त्यांचे स्फटिक कारखान्याच्या प्रक्रियेत मिळत नाहीत व ते मळीबरोबर निघून जातात. वजन वाढते आणि साखर घटते, असा हा व्यवहार आहे. काटा पूर्णपणे प्रामाणिक असूनही नुकसान होऊ शकते.

रस काढल्यानंतर विकरांची जागा आम्लता व उष्णता घेतात. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो व पुढे तो तापवावा लागतो. म्हणून पाण्यात कालवलेला चुना घालून त्याचा पीएच ७ च्या आसपास आणला जातो. पीएच ७ वरून ६ वर घसरल्यास हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते व आम्लामुळे होणाऱ्या व्युत्क्रमणाचा दरही सुमारे दहापट होतो. या बदलाचे वजन काढल्यास एका लिटरमागे हायड्रोजन आयनांत एका मायक्रोग्रॅमहून कमी वाढ भरते. कोणत्याही कारखान्याच्या तराजूला न जाणवणारे हे वजन टनावारी साखरेचा वेग ठरविते.

९. अध्यापनविषयक विचार

वरील उदाहरणाच्या आधारे प्रात्यक्षिकात तीन साध्या सुधारणा सुचविता येतील. पहिली, विद्यार्थ्याने आपला दर मोल प्रति लिटर प्रति मिनिट व ग्रॅम प्रति मिनिट अशा दोन्ही रूपांत, प्रत्येक पदार्थासाठी लिहून दाखवावा. दुसरी, साखरेचे वजन तेच ठेवून द्रावणाचे आकारमान बदलावे व निष्कर्षाची चर्चा करावी. तिसरी, अभिक्रिया चालू असताना तेच मिश्रण झाकून तराजूवर ठेवावे व वजन बदलत नाही याची नोंद वहीत करावी. यासाठी कोणत्याही नव्या उपकरणाची गरज नाही. वाणिज्य व कृषी शाखांच्या अध्यापकांनाही उताऱ्याच्या हिशेबासाठी हेच उदाहरण उपयोगी पडेल.

१०. निष्कर्ष

१) तराजू एकूण वस्तुमान सांगतो, बंद पात्रात ते स्थिर असल्याने दर मोजण्यासाठी वलनासारखा अन्य गुणधर्म लागतो. त्या गुणधर्माचे प्रमाणीकरण मात्र वजनानेच होते.
२) वजनाचे मोलमध्ये रूपांतर केल्यावरच एका अभिक्रियेला एक दर लाभतो.
३) दर एकूण वजनावर नव्हे, तर संहतीवर व घन पदार्थांच्या बाबतीत पृष्ठफळावर अवलंबून असतो. 'क्रियाशील वस्तुमान' या संज्ञेचा अर्थ याच दृष्टीने घ्यावा.
४) संतुलित समीकरण वजनाचा जमाखर्च देते. कोटी, उत्प्रेरक व तापमानाचा परिणाम प्रयोगानेच कळतो.
५) उसाच्या बाबतीत काट्यावरचे वजन व हाती येणारी साखर यांमधील तफावतीत अभिक्रियेच्या दराचा मोठा वाटा आहे. ती तफावत कमी करावयाची असल्यास काट्याइतकेच घड्याळाकडेही लक्ष द्यावे लागेल.